काचेवरची निगेटिव्ह आणि अक्काचा फोटो

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका मशीनबद्दल आहे. हे मशीन आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी किंवा ऑफिसात कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असतं: फ्लॅटबेड स्कॅनर. आधार कार्डाची कॉपी काढायला वापरतो तोच. आणि हे मशीन वापरून मी माझ्या आजीला जवळजवळ खोटं ठरवलं होतं. ते कसं, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

आधी प्रसंग. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, ७२ च्या दुष्काळात करमाळा तालुक्यात रस्त्याच्या कामावर मस्टर कारकून होते. हजेरी मांडायची, फोडलेल्या खडीचं माप घ्यायचं, पगाराच्या दिवशी अंगठे घ्यायचे. मुंबईत गिरणीत असलेल्या त्यांच्या भावानं त्यांना एक आगफा क्लिक थ्री कॅमेरा दिला होता. १९७३ च्या उन्हाळ्यात आजोबांनी खडी केंद्रावर त्याच्यात एक रोल मारला. बारा फोटो. त्यातल्या एकात तीसेक बायका दगडांच्या ढिगापुढे हातोडे घेऊन बसल्यात. त्यांच्यात आजीची थोरली बहीण आहे, अक्का. अक्का ७९ मध्ये गेली. तिचा दुसरा फोटो नाही. लग्नातला नाही, रेशन कार्डावर नाही, कुठेच नाही.

त्या फोटोची छोटी प्रत कधीच हरवली. निगेटिव्ह मात्र एका खाकी पाकिटात राहिली. मी म्हटलं, आपण एवढे इंजिनियर झालोय, करू की स्कॅन. सेकंडहँड स्कॅनर घेतला, ६४०० डीपीआयला स्कॅन मारला आणि आजीच्या ८२ व्या वाढदिवसाला तीस इंच बाय तीस इंचाचा प्रिंट काढून नेला. आजीनं चष्मा पुसला, जवळ गेली आणि म्हणाली, "हे धुकं कशाचं रं? उन्हाळा हुता की."

मग डावीकडून बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. आणि म्हणाली, "ही अक्का न्हाई."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. दोघांच्याही मनात तेच आलं. वय झालं. आता आठवत नाही.

तर आता इतिहास.

आजोबांचा कॅमेरा जो रोल खायचा त्याला १२० म्हणतात. ही फिल्म कोडॅकनं १९०१ मध्ये काढली, नंबर टू ब्राउनी नावाच्या खोका कॅमेऱ्यासाठी. त्याच्या आदल्याच वर्षी पहिली ब्राउनी एका डॉलरला आली होती. पोरासोरांनीही फोटो काढावेत असा तो काळ. १२० हा आकडा मापाचा नाही, कोडॅकच्या कॅटलॉगमधला नुसता क्रमांक आहे. त्याच्या आगचेमागचे कितीतरी क्रमांक इतिहासजमा झाले, हा एक टिकला. सव्वाशे वर्षं होत आली आणि आजही नवा रोल मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला याचा किती हेवा वाटतो ते विचारू नका. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीची लायब्ररी चालत नाही.

फिल्म एवढी रुंद का ठेवली? कारण त्या काळी बहुतेक लोक फोटो मोठा करून घेतच नसत. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, दाबायची, उजेड द्यायचा. जेवढी निगेटिव्ह तेवढा फोटो. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. आजीनं पाहिलेली हरवलेली प्रत तशीच होती, सव्वादोन इंचांची. क्लिक थ्रीमध्ये १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. म्हणायला सहा बाय सहा सेंटिमीटर, प्रत्यक्षात साधारण ५६ मिलिमीटर बाय ५६. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलची एक फ्रेम २४ बाय ३६. क्षेत्रफळ काढलं तर आजोबांच्या साध्या डब्याची निगेटिव्ह साडेतीन पटींहून मोठी भरते. हा फरक डोक्यात ठेवा, फ्लॅटबेडची सगळी अब्रू याच्यावर टिकून आहे.

१९०१ मध्येच, डिसेंबरात, जर्मनीत रुडॉल्फ हेल जन्मला. चित्र यंत्रानं वाचायच्या इतिहासात हे मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं कील शहरात कंपनी काढली आणि १९५० च्या दशकात क्लिशोग्राफ नावाचं मशीन आणलं. फोटोवरून प्रकाशाचा ठिपका फिरतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला सुई ब्लॉक कोरत जाते. आपल्याकडे जुन्या छापखान्यांत फोटोचा 'ब्लॉक' करायला टाकत, तो हाच प्रकार, फक्त ॲसिडऐवजी विजेवर. पुढे हेलचे आणि लंडनच्या क्रॉसफिल्डचे ड्रम स्कॅनर आले. पारदर्शक नळकांड्यावर फिल्म तेल लावून चिकटवायची, नळकांडं गरगर फिरवायचं आणि एका फोटोमल्टिप्लायर ट्यूबनं एकेक ठिपका मोजायचा. मासिकांतली गुळगुळीत रंगीत पानं कित्येक वर्षं या नळकांड्यांवरून आली. फिल्म तेलानं चिकटलेली, त्यामुळे कुठे वाकत नाही, फोकस कुठे हलत नाही. मशीन मात्र फ्रिजएवढं आणि चालवणारा माणूस तज्ज्ञ.

संगणकात चित्र घालण्याची कथा वेगळी आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक छोटा ड्रम स्कॅनर बनवला. पहिलं चित्र कुठलं? कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो, पाच सेंटिमीटर बाय पाच. म्हणजे आमच्या निगेटिव्हएवढाच, चौकोनी. त्याचे पिक्सेल झाले १७६ बाय १७६. त्यापेक्षा जास्त त्या मशीनच्या स्मृतीत मावत नव्हते. आणि एकेक पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा, म्हणून उजेडाची पातळी बदलत अनेकदा स्कॅन करून करडे रंग तयार केले. हा १७६ आकडाही लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मग फ्लॅटबेड कुणी केला? १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. सीसीडीची एक लांब पट्टी केली, तर चित्राची अख्खी ओळ एका दमात वाचता येते. ती पट्टी काचेखालून सरकवली की झाला स्कॅनर. रे कर्झवाइलनं हेच केलं आणि जानेवारी १९७६ मध्ये अंधांना पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र लोकांपुढे आणलं. पुस्तक काचेवर पालथं ठेवायचं, यंत्र वाचून बोलायचं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक गायक स्टीव्ही वंडर.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. फ्लॅटबेड जन्मला तो पुस्तकाचं पान वाचायला. पान काचेला चिकटलेलं असतं, अक्षरं काळी, कागद पांढरा आणि उजेड खालूनच पडून परत येतो. निगेटिव्हला यातलं काहीच लागू नाही. तिला उजेड आरपार लागतो, म्हणून झाकणात दुसरा दिवा बसवला. ती काचेपासून थोडी वर, खाचेत धरायची, म्हणून प्लॅस्टिकच्या चौकटी दिल्या. आणि तिच्यातला तपशील अक्षरांपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून खोक्यावरचे आकडे वाढवत नेले. १९८७ च्या एचपी स्कॅनजेटला ३०० डीपीआय पुरत होते. वीस वर्षांत आकडा ६४०० वर गेला.

तो आकडा काय आहे ते नीट समजून घ्या, कारण मीच त्याला फसलो आणि मी तर रोज आकड्यांत असतो. ६४०० म्हणजे सीसीडीच्या पट्टीवर एका इंचाला तेवढे डोळे. काही खोक्यांवर ६४०० बाय ९६०० असं असतं; त्यातला ९६०० म्हणजे मोटार एका इंचात किती पावलं टाकते तो. यात भिंगाचा उल्लेख कुठेच नाही. डोळे कितीही असोत, त्यांच्यापुढचं भिंग बारीक रेषा वेगळ्या करू शकत नसेल तर शेजारशेजारचे पाच डोळे एकच करडा रंग बघतात. फाइल मात्र पाचही पिक्सेल लिहून ठेवते.

हे मोजायची रीत जुनी आहे. अमेरिकन हवाई दलानं १९५१ मध्ये एक तक्ता ठरवला: तीन-तीन रेषांचे गट, लहान लहान होत जाणारे. ज्या गटात रेषा वेगळ्या दिसायच्या थांबतात तिथे यंत्राची हद्द. या तक्त्यावर २००६ चा एप्सन व्ही७००, म्हणजे घरगुती फ्लॅटबेडमधला मानाचा गडी, खोक्यावर ६४०० असूनही साधारण २३०० पर्यंत जातो. हे त्याला कमीपणा आणायला सांगत नाहीये. फिल्मसाठीच बनवलेला निकॉनचा कूलस्कॅन ९००० ईडी ४००० म्हणायचा आणि त्या आसपास खरंच देत असे, पण तो आता नवा मिळत नाही आणि जुन्याची किंमत ऐकून मी टॅब बंद केली.

आता छपाईचं गणित. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल असा पायंडा आहे. तो आला छापखान्यातून: चांगल्या कागदावरच्या हाफटोनच्या जाळीत इंचाला दीडशे रेषा, आणि त्याच्या दुप्पट पिक्सेल हवेत असा नियम. तेव्हा २३०० खरे असतील तर ३५ मिलिमीटरची फ्रेम सात इंच बाय अकरा इंचांच्या आसपास संपते. तेच मशीन, तीच चूक, पण सहा बाय सहाची निगेटिव्ह सोळा इंचांच्या पुढे जाते. फ्लॅटबेड सुधारला म्हणून नव्हे, निगेटिव्ह मोठी आहे म्हणून. कॉन्टॅक्ट प्रिंटवाल्यांनी आपल्या सोयीसाठी रुंद ठेवलेली फिल्म शंभर वर्षांनी एका पान वाचणाऱ्या यंत्राला सांभाळून घेते.

पण माझा स्कॅनर २३०० वाला नव्हता आणि मी केलेल्या चुका त्याच्याही नव्हत्या. जुन्या मालकाकडून १२० ची चौकट हरवलेली. मी निगेटिव्ह सरळ काचेवर ठेवली. तर चित्रभर इंद्रधनुष्यासारखी वेटोळी. ही न्यूटनची वलयं. काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवेचा अगदी पातळ थर राहिला की होतात. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, रसायनाची, जरा मंद. चकचकीत बाजू काचेला लागली की वलयं येतात. मग मी हुशारी केली. फिल्म उलटी केली. मंद बाजू काचेला, वलयं गायब. स्वतःवर फार खूश झालो होतो.

दुसरी हुशारी म्हणजे धूळ काढायचं बटण दाबलं. या तंत्राचं नाव डिजिटल आइस. फिल्ममधून अवरक्त किरण आरपार जातात, धुळीतून जात नाहीत. तेवढ्यावरून सॉफ्टवेअर धूळ ओळखून पुसतं. रंगीत फिल्मवर झकास चालतं. कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदीही अवरक्त किरण अडवते. म्हणजे सॉफ्टवेअरला बायकांची लुगडीसुद्धा धूळ वाटली. ते बटण लगेच बंद केलं, एवढी अक्कल होती. बुरशीचे डाग मग हातानं काढले, दोन रात्री.

आजीच्या "धुकं कशाचं" नंतर मी तो तक्ता मागवला आणि माझ्या पद्धतीनं, म्हणजे काचेवर ठेवून, मोजलं. मिलिमीटरला २८ रेषाजोड्या. डीपीआयमध्ये साधारण १४२०. माझी फाइल होती वीस कोटी पिक्सेलची, ४०० एमबी. त्यात खरे पिक्सेल एक कोटी. उरलेले एकोणीस कोटी नुसतं भरताड. ते मी तीस इंचांवर पसरलं, तर धुकं दिसणारच.

याच काळात मी अजून एक गोष्ट केली. ती सांगायला लाज वाटते, पण या भागाचं कारणच ते आहे. डावीकडून तिसऱ्या बाईचा चेहरा कापून एका एआय टूलमध्ये टाकला. फोटो मोठा आणि स्वच्छ करून देतो म्हणणारं. आलं की चित्र! डोळे, भुवया, नाकात चमकी, ओठाच्या कडेला किंचित हसू. पाहून माझ्याच अंगावर काटा आला. अक्का अशी दिसायची! आईला पाठवलं, आई रडली. फ्रेमवाल्याकडे टाकायचं ठरलं. आजीला दाखवलं नव्हतं, तिला सरप्राइज.

फ्रेमच्या आधी म्हटलं, मोठा फोटोही एकदा धड करू. काळ्या माउंट बोर्डाची चौकट कापली, निगेटिव्ह कडांनी ताणून चिकटवली आणि काचेपासून वर उचलली. माझ्या स्कॅनरचा फोकस काचेवर नाहीच, चौकटीच्या उंचीवर आहे, हे तोवर कळलं होतं. दोन मिलिमीटर, अडीच, तीन, साडेतीन. बोर्डाचे तुकडे लावत प्रत्येक उंचीला तक्ता स्कॅन केला. तीनला सगळ्यात चांगला, मिलिमीटरला ३६ रेषाजोड्या, म्हणजे १८०० च्या थोडं वर. काचेला काही लागत नाही म्हणून वलयांचा प्रश्न नाही, आणि चकचकीत बाजू खाली, जशी असायला हवी तशी.

चौकट या वेळी जरा मोठी कापली होती. फिल्मची कडही स्कॅन झाली. कडेवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. ते स्क्रीनवर सरळ वाचता येत होतं. आणि फोटो उलटा वाटत होता.

म्हणजे मला सवय झाली होती तो उलटा होता. पहिल्या स्कॅनला मी फिल्म पालथी घातली होती. डावं ते उजवं झालं होतं. वलयं घालवायच्या नादात मी अख्खं खडी केंद्र आरशात बघत होतो. सॉफ्टवेअरमध्ये एक टिक करून चित्र फिरवायचं असतं, तेवढं राहिलं. जुना प्रिंट काढून पाहिला तर त्यात सगळ्याच्या सगळ्या बायकांच्या डाव्या हातात हातोडा. तीस बायका डावखुऱ्या! महिनाभर तो फोटो माझ्या स्क्रीनवर होता आणि मला दिसलं नाही. फक्त एका बाईच्या उजव्या हातात होता.

नव्या स्कॅनमध्ये ती एकटी डावखुरी. डावीकडून तिसरी.

आणि मी एआयला जिचा चेहरा दिला होता ती रांगेच्या दुसऱ्या टोकाची कुणीतरी वेगळीच बाई. तिची चमकी, तिचं हसू, आईचं रडणं, सगळं तिच्यावर. खरं तर तिचंही नव्हतं. निगेटिव्हवर त्यांचे चेहरे दीड-दीड मिलिमीटरचे आहेत. माझ्या पहिल्या स्कॅननं तेवढ्यात खरे पिक्सेल दिले ८५ च्या आसपास, नव्यानं १०८. कर्शच्या बाळाला सत्तावन्न साली १७६ मिळाले होते. शिवाय क्लिक थ्रीचं भिंग साधंच. तेवढेही पिक्सेल भरायला त्याच्याकडे तपशील नव्हता. तिथे चमकी नाहीच. भुवईसुद्धा नाही, भुवईच्या जागी सावली आहे. टूलनं ती जागा जगातल्या हजारो चेहऱ्यांवरून भरून काढली. माझ्या ६४०० नं एकोणीस कोटी पिक्सेल भरले होते ते तसेच, फक्त त्यांनी निदान कुणाचं नाक तरी काढलं नव्हतं.

आईला फोन करून सांगणं अवघड गेलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आई बरोबर सांगत होती म्हणजे." हो. बरोबर सांगत होती आणि आम्ही डॉक्टरची अपॉइंटमेंट बघत होतो.

नवा प्रिंट बारा इंच बाय बारा काढला. माझ्या खऱ्या पिक्सेलना तेवढंच झेपतं. मॅट कागद, शार्पनिंग अगदी बेताचं. आजीच्या हातात दिला तेव्हा मी काही बोललो नाही. तिनं परत डावीकडून मोजलं. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"हां. बघ हातोडा कसा धरलाय. डावरी हुती ती. मुकादम वरडायचा तिला, शेजारणीला लागंल म्हणून."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. मी विचारलं, आजी, चेहरा दिसतोय का पण? बारा इंचांत तो आठ मिलिमीटरचा आहे आणि सावल्याच जास्त आहेत.

"त्यो मला ठावं हाय की," आजी म्हणाली आणि रांगेतल्या बाकीच्यांची नावं सांगायला लागली. सतरा सांगितली. मी मोबाइलवर रेकॉर्ड केली, नंतर प्रिंटच्या मागे पेन्सिलनं लिहून काढली. उजवीकडून तिसरी बाई, जिच्यावर मी चेहरा चढवला होता, तिचं नाव मात्र आजीला आठवलं नाही. ती शेजारच्या गावाहून यायची, एवढंच म्हणाली.

बाकी अकरा फ्रेम अजून व्हायच्यात. त्यातल्या दोन एकमेकींवर चढल्यात. आजोबा मागच्या लाल खिडकीत आकडा बघून रोल पुढे सरकवायला विसरले असणार. एकीत पाण्याचा टँकर दिसतो, दुसरीत सुकडीसाठी बसलेल्या पोरांची पंगत. वेगळ्या करता येत नाहीत. तशाच स्कॅन करणार आहे, सरळ बाजूनं.